ठाणे-नवी मुंबईहून घारापुरी: सहकुटुंब एका दिवसाची सहल कशी आखावी

आधी वार ठरवा. सोमवारी घारापुरी बेटावरची लेणी बंद असतात आणि नेमकी त्याच दिवशी सुट्टी जोडून घेणारी कुटुंबं कमी नाहीत. रविवार चालतो, पण मध्य आणि हार्बर मार्गांवर बहुतेक रविवारी मेगाब्लॉक असतो, साधारण सकाळी दहा-अकरा ते दुपारी चार. तेव्हा रविवारी जायचं तर पहाटेच उठायचं आणि परतीची लोकल चारनंतरचीच धरायची. शनिवार जमला तर उत्तम. महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात समुद्र खवळला की बोटी बंद, त्यामुळे जून ते सप्टेंबर बेत आखूच नका.

घारापुरी उरण तालुक्यात, म्हणजे खाडीच्या आपल्याच अंगाला. तरी नेहमीच्या बोटी सुटतात गेटवेहून, त्यामुळे उलटा वळसा पडतो. उरणच्या मोऱ्याहून सुटणारी लाँच भाऊच्या धक्क्याला जाते. ती घारापुरीची समजून उरण गाठू नका. ठाण्याहून फास्ट लोकलने, वाशी-नेरूळ-बेलापूरहून हार्बरने सीएसएमटी गाठायचं आणि पुढे टॅक्सी किंवा बेस्ट. पहिली बोट नऊच्या सुमारास सुटते. ती मिळवायची या हिशोबाने घरातून निघा, कारण अकरानंतर लेण्यात नुसती गर्दी आणि गाईडांचे आवाज.

गेटवेला खिडकीवरच जाण्या-येण्याचं तिकीट काढा आणि परतीचा भाग नीट जपून ठेवा. वरच्या डेकवर बसायला थोडे पैसे वेगळे मोजावे लागतात. पोरं बरोबर असतील तर मोजावेत. गर्दीच्या वेळी बोटी एकमेकींना लागून उभ्या असतात आणि एकीतून दुसरीत पाय टाकून जावं लागतं. आजी-आजोबांना मधे घ्या, हात मोकळे ठेवा. लाइफ जॅकेट घाला, गरम होत असलं तरी. 18 डिसेंबर 2024 ला याच मार्गावर नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसून प्रवासी बोट बुडाली होती, त्यामुळे इथे 'काही होत नाही' म्हणण्यात अर्थ नाही. तासाभराचा प्रवास आहे. ज्यांना बोट लागते त्यांनी पोट तुडुंब भरून निघू नये.

उतरल्यावर लांबलचक धक्का लागतो. छोटी गाडी धावते, पण सकाळी चालतच जा. दोन्ही बाजूंना खाजण आणि ओहोटी असेल तर चिखलात टिपून खाणारे बगळे दिसतात. गाडीचे पैसे दमलेल्या परतीसाठी राखा. ग्रामपंचायतीचा छोटा कर भरायचा, पुढे सव्वाशेच्या आसपास पायऱ्या. गुडघ्यांचा त्रास असेल तर खुर्चीची डोली मिळते, दर आधी ठरवून बसा. पायऱ्यांच्या कडेला गावातल्या बायका काकडी, कैरी, बोरं तिखट-मीठ लावून विकतात. जरूर घ्या, पण तिथेच संपवा. वरची माकडं पिशवी आणि बाटली दोन्ही हिसकावतात. मोबाइल हातात लटकवू नका आणि त्यांना खाऊ तर मुळीच देऊ नका.

पुरातत्त्व खात्याचं तिकीट काढून थेट पहिल्या, मोठ्या लेण्यात शिरा. बाकीची लेणी नंतर. आत गेल्या गेल्या फोटो काढत सुटू नका. पाच मिनिटं खांबापाशी उभे राहा, अंधाराला डोळे सरावू द्या. मग समोरच्या दक्षिण भिंतीतून सदाशिव हळूहळू उमटतो. उंची सुमारे साडेपाच मीटर. आपल्याकडे सगळे त्रिमूर्ती म्हणतात, पण ब्रह्मा-विष्णू-महेश असं पोरांना सांगू नका. तिन्ही मुखं शिवाचीच. एका बाजूचं उग्र, मिशा असलेलं, दुसऱ्या बाजूचं कोमल, हाती कमळ, मधलं मिटल्या डोळ्यांचं. शेजारी एका बाजूला अर्धनारीश्वर, दुसऱ्या बाजूला गंगा जटेत झेलणारा शिव. त्यानंतर गाभारा: चार दारं, प्रत्येक दाराशी माणसापेक्षा कितीतरी उंच द्वारपाल, आत शिवलिंग.

पोरांना प्रत्येक शिल्पाची गोष्ट सांगा. कैलास हलवणारा रावण, शिव-पार्वतीचं लग्न, अंधकासुराचा वध. गोष्ट माहीत असेल तर सहा-सात वर्षांचं मूलही रमतं. हात-पाय तुटलेले का, हे विचारतीलच. बरीचशी मोडतोड पोर्तुगीज काळात झाली असं मानतात. लेणी सहाव्या शतकाच्या आसपासची, 1987 पासून जागतिक वारसा यादीत. या लेण्याला निदान तास द्या. बाकीची अर्ध्या तासात होतात.

हौस आणि पाय शिल्लक असतील तर तोफांच्या टेकडीवर चढा. एकदा वर गेलं की न्हावा-शेवा बंदराच्या क्रेन आणि सगळी खाडी समोर. भर उन्हात मात्र हा नाद सोडा आणि जेवून घ्या. हॉटेलं आहेत, पण माशाचं ताट हवं असेल तर लेणी पाहायला जातानाच सांगून ठेवा. बेटावर पर्यटकांना मुक्काम करता येत नाही आणि संध्याकाळची शेवटची बोट तुमच्यासाठी थांबत नाही. चारच्या आसपास धक्क्यावर या.

घारापुरीला 'एलिफंटा' म्हणतात तर हत्ती कुठाय, हा प्रश्न परतीच्या बोटीत येणारच. ज्यावरून हे नाव पडलं तो दगडी हत्ती आता भायखळ्याच्या राणीच्या बागेत, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयापाशी उभा आहे. तो पुढच्या सुट्टीत दाखवा, फक्त बुधवार सोडून. त्या दिवशी बाग बंद असते.