देवस्थानाच्या दप्तरातून राज्यसंस्था कशी वाचावी

धर्म, परंपरा आणि सत्ता यांचा आधुनिक राज्याशी काय संबंध असतो, या प्रश्नाची चर्चा आपण बहुधा 'धर्मनिरपेक्षता' या शब्दाच्या व्याख्येपासून सुरू करतो आणि तिथेच अडकून पडतो. माझा आग्रह असा की, हा विषय समजून घ्यायचा असेल तर आपल्या ओळखीचे एक देवस्थान निवडावे आणि त्याची जमीन कोणाच्या नावे आहे, कारभार कोण पाहतो, पूजेचा पहिला मान कोणाला आहे आणि हे कोणत्या हुकमाने ठरले, एवढ्या चार गोष्टींचा शोध घ्यावा. सुरुवातीला गावचे ग्रामदैवतच घ्यावे, कारण त्याचे कागद थोडे असतात आणि ज्यांना विचारायचे ती माणसे हाताशी असतात.

पहिला कागद सातबारा. देवाच्या नावे जमीन असेल तर भोगवटादाराच्या रकान्यात 'श्री भैरवनाथ देव' किंवा तत्सम नाव दिसते आणि त्याखाली 'वहिवाटदार' म्हणून गुरवाचे किंवा पुजाऱ्याचे नाव असते. या दोन ओळींवर थोडा वेळ थांबावे. कायद्याच्या दृष्टीने देव ही मालमत्ता धारण करू शकणारी व्यक्ती आहे, मात्र ती अज्ञान बालकासारखी असल्यामुळे तिच्या वतीने व्यवहार पाहणारा कोणीतरी लागतो, आणि तो वहिवाटदार मालक नसतो. सातबाऱ्यावरून मागे जात जुने फेरफार काढावेत, कारण पिढ्या उलटताना देवाचे नाव मागे पडून वहिवाटदाराचे नाव मालकासारखे पुढे आल्याची उदाहरणे कमी नाहीत. त्यानंतर तलाठी कार्यालयात गाव नमुना ३, म्हणजे दुमाला (साऱ्यात सूट मिळालेल्या) जमिनींची नोंदवही, पाहायला मागावी. तिथे 'देवस्थान इनाम वर्ग ३' अशी नोंद आढळली, तर आपण थेट जुन्या राजवटींच्या दारात उभे आहोत असे समजावे.

देवस्थान इनामाची गोष्ट थोडक्यात अशी: राजाने दिवाबत्ती, नैवेद्य आणि चौघडा यांसाठी जमिनीचा सारा सोडला, १८१८ नंतर आलेल्या कंपनी सरकारपुढे ही वचने पाळायची की मोडायची असा प्रश्न उभा राहिला, आणि १८५२ च्या कायद्यान्वये इनाम कमिशनने गावोगावच्या सनदा तपासल्या. स्वातंत्र्यानंतर परगणा व कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने गेली, महार वतनासह कनिष्ठ गावकामगारांची वतने १९५८ च्या कायद्याने गेली आणि मुलकी पाटलांची वंशपरंपरागत पदे १९६२ च्या कायद्याने संपली. देवस्थान इनाम मात्र राहिले. मला हा फरक फार बोलका वाटतो, कारण ज्या राज्याने पाटील-कुलकर्ण्यांची वंशपरंपरा मोडून काढली, त्याच राज्याने देवाशी झालेला जुना करार पुढे चालवला. मराठवाड्यातील वाचकांनी 'खिदमतमाश' (देवस्थानाच्या सेवेसाठी दिलेले इनाम) हा शब्द शोधावा, कारण तिथले कागद निजामाच्या राजवटीतले असून अनेकदा उर्दूत असतात. इतरत्र जुन्या सनदा मोडीत असतात आणि मोडी वाचणाऱ्या माणसाला सोबत नेल्याशिवाय त्यावर मत बनवू नये.

दुसरा कागद धर्मादाय कार्यालयातला. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेल्या प्रत्येक न्यासाचे परिशिष्ट १ तिथे असते आणि त्याची नक्कल अर्ज करून मिळते. त्यात मालमत्ता व विश्वस्तांची नावे तर असतातच, पण आपण सर्वांत आधी विश्वस्तपदाच्या उत्तराधिकाराची पद्धत कोणती लिहिली आहे ते पाहावे. 'वंशपरंपरेने', 'ग्रामसभेतून' आणि 'नेमणुकीने' या तीन उत्तरांतून तीन वेगळ्या सत्ता बोलतात. विश्वस्त बदलल्यावर दाखल होणारे बदल अर्ज ओळीने लावले, तर गावातल्या गटातटांचा इतिहास कोणाला न दुखावता समोर येतो. मशीद किंवा दर्ग्याचा अभ्यास करणाऱ्याला हेच कागद बहुधा वक्फ मंडळाकडे शोधावे लागतील.

यानंतर संविधानाचे २५ व २६ हे दोन अनुच्छेद शांतपणे वाचावेत. अनुच्छेद २६ धार्मिक संप्रदायांना धर्माच्या बाबतीत स्वतःचा कारभार करण्याचा हक्क देतो, पण मालमत्तेचा कारभार मात्र त्यांनी कायद्यानुसार करायचा असतो. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने उडुपीच्या शिरूर मठाच्या खटल्यात आणि वरच्याच विश्वस्त कायद्याला (तेव्हा त्याच्या नावात 'महाराष्ट्र' ऐवजी 'मुंबई' होते) आव्हान देणाऱ्या रतिलाल गांधी खटल्यात ही रेषा आखली. पूजा कशी करायची हे राज्याने सांगू नये, हिशेब मात्र राज्याने तपासावा, आणि तरीही देवस्थानाचा कारभार संपूर्ण हिरावून घेऊ नये, असा त्याचा आशय आहे. रेषा कागदावर सोपी दिसते, पण धर्माचा अत्यावश्यक भाग कोणता हे शेवटी न्यायाधीशच ठरवतात, म्हणजे धर्मापासून दूर राहू पाहणारे राज्यच धर्माची व्याख्या करू लागते, याकडे अभ्यासकाचे लक्ष हवे.

ही सर्व सूत्रे एका ठिकाणी पाहायची असतील तर पंढरपूरचा क्रम लावून पाहावा. विठ्ठलाचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी १ मे १९४७ रोजी तिथे उपोषण आरंभले आणि १० मे रोजी मंदिर खुले करण्याचे मान्य झाल्यावर ते सुटले. त्याच वर्षी मुंबई प्रांताने हरिजन मंदिर प्रवेशाचा कायदा केला. पुढे नाडकर्णी आयोगाच्या चौकशीनंतर १९७३ मध्ये पंढरपूर मंदिरे अधिनियम आला आणि त्याने बडवे (विठ्ठल मंदिरातले), उत्पात (रुक्मिणी मंदिरातले) व सेवाधाऱ्यांचे वंशपरंपरागत हक्क रद्द केले. सेवाधारी म्हणजे पुजारी, बेणारी, परिचारक, हरिदास, डिंगरे, दिवटे आणि डांगे. ही सात नावे म्हणजे देवाच्या दिनक्रमाची केलेली वाटणी होती आणि प्रत्येक वाट्याबरोबर उत्पन्न होते. न्यायालयीन लढा जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात संपला, आणि त्याच वर्षी मंदिर समितीने सर्व जातींच्या स्त्री-पुरुषांकडून पूजेच्या कामासाठी अर्ज मागवले. ही घटना माझ्या मते महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात जेवढी मोठी आहे तेवढी तिची चर्चा झाली नाही.

परंतु इथेच थांबलो तर वाचन अर्धवट राहील. बडव्यांचा वारसा गेला त्या जागी राज्य शासनाने नेमलेली समिती आली. प्रभादेवीच्या सिद्धिविनायकासाठी १९८० चा, शिर्डीसाठी २००४ चा असे स्वतंत्र कायदे आहेत आणि तिथेही नेमणुकीची किल्ली शासनाकडे आहे. कोल्हापूरची पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समिती तीन हजारांहून अधिक देवस्थाने पाहते. म्हणून जन्माने मिळणारा अधिकार संपल्यावर तो भाविकांकडे आला की सत्ताधाऱ्यांकडे गेला, हा प्रश्न प्रत्येक ठिकाणी विचारावा. गोव्यातील वाचकांना वेगळेच चित्र दिसेल, कारण तिथे पोर्तुगीज काळातील देवस्थान नियमावली अजून लागू आहे, कारभार महाजनांच्या, म्हणजे देवस्थानाच्या नोंदलेल्या सदस्यांच्या, हाती आहे आणि देखरेख मामलेदाराची आहे.

आषाढी एकादशीची शासकीय महापूजाही याच दृष्टीने पाहावी. पहाटे अडीचच्या सुमारास गाभाऱ्यात मुख्यमंत्री सपत्नीक बसतात आणि त्यांच्या शेजारी दर्शनरांगेतून निवडलेले मानाचे वारकरी दांपत्य असते. पुढे या दांपत्याला एसटीचा वर्षभराचा मोफत पास मिळतो. एका पाटावर राज्याचा प्रमुख, दुसऱ्यावर रांगेतला शेतकरी, ही रचना कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा अधिक सांगून जाते. २०१८ मध्ये मराठा आरक्षणाच्या आंदोलकांनी हीच महापूजा रोखण्याचा इशारा दिला, तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस पंढरपूरला गेले नाहीत आणि तिथली पूजा वारकरी दांपत्याच्या हस्ते झाली. सरकारला कुठे अडवले तर त्याच्या अधिकारालाच धक्का बसतो, हे आंदोलकांना नेमके ठाऊक होते.

कागद हाती आले की जत्रेच्या दिवशी वही घेऊन उभे राहावे. पालखीला पहिला खांदा कोणाचा, पहिला नारळ कोणाचा, पालखी कोणत्या आळीतून जाते आणि कोणत्या वस्तीच्या अलीकडून वळते, गाभाऱ्यात कोण जातो आणि उंबऱ्यावर कोण थांबतो, हे जसे दिसेल तसे लिहावे. बायकांना कुठवर प्रवेश आहे हे वेगळे नोंदवावे आणि कधीपासून, हेही विचारावे. शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर २०१६ मध्ये स्त्रिया चढल्या, त्याआधी उच्च न्यायालयाने राज्य शासनाला १९५६ च्या मंदिर प्रवेश कायद्याची आठवण करून दिली होती. कायद्याने पाटीलकी गेलेल्या घराला होळीचा किंवा पालखीचा मान आजही मिळत असेल, तर ती नोंद फेरफाराच्या नकलेशेजारी ठेवावी.

शेवटी ही वही दोन घरांत वाचून दाखवावी. एक घर मानकऱ्याचे, आणि दुसरे अशा वस्तीतले, जिच्या अलीकडूनच पालखी वळते. दोन्हीकडून सांगितलेल्या दुरुस्त्या समासात तारखेसह लिहाव्यात आणि त्या एकमेकींशी जुळल्या नाहीत तरी त्यातली एकही खोडू नये.