पुराआधी दाव्याची गाठ बघा

२०१९च्या ऑगस्टात सांगली-कोल्हापूरकडे पूर आला, तेव्हा बरीच जनावरं दावणीलाच अडकून बुडाली. म्हैस चांगली पोहते, पण गळ्यात साखळी असेल तर काय करणार?

म्हणून पावसाळ्यात गोठ्यातली साखळी काढा आणि सुती दावं वापरा. गाठ मारताना दाव्याचं टोक पूर्ण ओवून घेऊ नका. दुमडून, त्याचा फासा करून अडकवा. मोकळं टोक ओढलं की गाठ सुटते, अंधारातसुद्धा. घरातल्या प्रत्येकाकडून एकदा करून घ्या, म्हातारीकडूनही. तरी भिजलेली गाठ कधीकधी आवळून बसते, तेव्हा गोठ्याच्या मेढीला विळा अडकवलेला असू द्या.

कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. नदीकाठच्यांनी ४३ची वाट बघत बसू नये. रस्ता उघडा आहे तोवरच जनावरं माळावर न्या, गाभण आणि वासरं आधी. निघायला वेळच उरला नाही, तर निदान दावी सोडा. कुत्र्यालाही.

कानातल्या बिल्ल्याचा १२ अंकी नंबर दिसेल असा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. पंचनाम्याला आणि चुकलेलं जनावर ओळखायला तोच कामी येतो. घटसर्प-फऱ्या या जनावरांच्या रोगांची लस पावसाळ्याआधीच टोचून घ्या.

पूर ओसरल्यावर बुरशी धरलेला कडबा 'वाळवून घालू' म्हणू नका, फेकाच. जनावर आजारी वाटलं तर १९६२ या पशुवैद्यकीय हेल्पलाइनला फोन लावा.