वेगवेगळ्या देशांतल्या माणसांशी ऑनलाइन चर्चा करताना

निरनिराळ्या देशांतल्या लोकांच्या ऑनलाइन चर्चा मी चालवते. वाद रंगायलाच हवा, पण त्यापायी कुणी अडचणीत येता कामा नये, ही माझी धडपड असते.

आधी समोरच्या माणसाच्या देशातला कायदा बघून घ्या. अमेरिकेत १७९१ची पहिली घटनादुरुस्ती द्वेषाच्या बोलण्यालाही बरंच संरक्षण देते. जर्मनीत नाझींनी केलेला ज्यूंचा वंशसंहार जाहीरपणे नाकारणं हा गुन्हा आहे. थायलंडमध्ये राजाच्या अपमानाबद्दल तिथल्या दंडसंहितेच्या कलम ११२खाली ३ ते १५ वर्षं तुरुंगवास होतो, तोही प्रत्येक गुन्ह्यामागे. माहिती जुनी नाही ना, तेही तपासा. डेन्मार्कनं २०१७ साली ईशनिंदेचा कायदा रद्द केला आणि २०२३ साली धर्मग्रंथांच्या जाहीर विटंबनेवर बंदी घातली.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट. राजेशाहीवर चर्चा चालू आहे आणि थायलंडमधला माणूस गप्प आहे. अशा वेळी कुणीतरी उत्साहानं म्हणतं, "बोला ना, इथे सगळं मोकळं आहे!" हे म्हणणाऱ्याला काहीच गमवायचं नसतं. त्या माणसाला सगळ्यांदेखत कधीच बोलायला लावू नका. त्याच्या गप्प राहण्याचा अर्थ होकार किंवा नकार असाही लावू नका. मी चर्चा स्वीडनच्या किंवा ब्रिटनच्या राजघराण्याकडे वळवते. त्याला हवं तर तो त्यात सहज भाग घेतो. त्याला वेगळा निरोप पाठवायचा, तर तोही जपून: "विषय बदलला आहे, वाटलं तर या." यापेक्षा जास्त काही लिहू नका. तो निरोपही त्याच्या फोनमध्ये राहतो. चर्चेचं रेकॉर्डिंग करायचं असेल तर आधी विचारा. एकानंही नको म्हटलं तर करू नका. स्क्रीनशॉटचंही तेच.

कायद्याचा धोका आणि मनाला लागणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. डेन्मार्कच्या युलँड्स-पोस्टन या वृत्तपत्रानं ३० सप्टेंबर २००५ रोजी प्रेषित मुहम्मदांची व्यंगचित्रं छापली. मुस्लिम देशांच्या ११ राजदूतांनी डेन्मार्कच्या पंतप्रधानांची भेट मागितली, ती पंतप्रधानांनी नाकारली. पुढे अनेक देशांत हिंसक निदर्शनं झाली. हा विषय निघाला की मी चित्र दाखवू देत नाही, त्यात काय आहे ते शब्दांत सांगायला लावते. मुद्दा तेवढ्यानं पोहोचतो. आणि एक खुलासा हटकून करते: सरकारनं बंदी घातली नाही याचा अर्थ सरकारला ते पटलं, असा होत नाही. जिथे छापून येणाऱ्या प्रत्येक गोष्टीवर सरकारची नजर असते, तिथल्या माणसाला हे पटकन लक्षात येत नाही, आणि त्याचा राग त्या देशातल्या सगळ्यांवर निघतो.

"तुमच्याकडे बोलायची मुभाच नाही" असली वाक्यं तिथल्या तिथे थांबवा. प्रत्येक देशात यावर आपसांतच भांडण चालू असतं. भारतात आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराबद्दल शिक्षा देणारं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयानं २०१५ साली रद्द केलं, तेही भारतीयांच्याच याचिकांवरून.

कुणी म्हणालं, "हे मला लागलं," तर लगेच माफी मागू नका, बोलायचा हक्कही सांगू नका. नेमकं कुठलं वाक्य लागलं ते विचारा, आणि त्याला उत्तर द्यायचंय की विषय थांबवायचाय, हेही. बऱ्याच जणांना उत्तरच द्यायचं असतं. त्यांना पुरेसा वेळ द्या, मधे बोलू नका.