फाइल शून्य बाइट दाखवते, गाणं मात्र कार्डातच असतं

पुण्याच्या टिळक स्मारकात भैरवी सुरू असताना रेकॉर्डरची बॅटरी बसते आणि घरी कार्ड लावल्यावर फाइलपुढे शून्य बाइट दिसतात. अशा वेळी गाणं बहुधा शाबूत असतं. रेकॉर्डर आवाज सतत कार्डावर लिहीत जातो, फाइल केवढी झाली ही नोंद मात्र स्टॉप दाबल्यावर पुरी करतो. राहिलेली असते ती ही नोंद.

म्हणून त्या कार्डावर नवीन काहीही लिहू नका. कडेची बारीक कडी लॉककडे सरकवा. मायक्रोएसडी असेल तर कडीवाल्या अडॅप्टरमध्ये घाला. विंडोज ‘फॉरमॅट करू का’ विचारेल, नाही म्हणा. लॅपटॉपची खाच ढिली असेल तर तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून साधा यूएसबी रीडर आणा, कारण सैल जोडणीत चांगलं कार्डही चुका दाखवतं. मग डीडीरेस्क्यू या प्रोग्रामने अख्ख्या कार्डाची, बाइटला बाइट अशी, प्रत काढा. ३२ जीबीच्या कार्डाला डिस्कवर ३२ जीबी जागा लागते. पुढचं सगळं काम या प्रतीवर. काही रेकॉर्डर कार्ड पुन्हा घातल्यावर अर्धवट फाइल स्वतःच दुरुस्त करतात. तो प्रयोग प्रत हाताशी आल्यावरच करा.

आधी फोटोरेक (हरवलेल्या फाइल शोधणारा प्रोग्राम) चालवून बघा. हाती आलेली फाइल पूर्ण आहे का, हे हिशेबाने ओळखा: सॅम्पल दर (सेकंदाला किती वेळा आवाज मोजला) ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ असेल तर तासाला सुमारे ६३५ एमबी. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट असेल तर सुमारे १,०३७ एमबी.

फोटोरेक फसलं, तर प्रतच ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या प्रोग्राममध्ये ‘रॉ डेटा’ (नुसते कच्चे बाइट) म्हणून उघडा. कार्ड नुकतंच फॉरमॅट केलेलं असेल तर आवाज सुरुवातीच्या भागात सलग सापडतो, त्यामुळे आधी १० टक्केच आयात करा. लिटल एंडियन (बाइटचा क्रम), दोन चॅनल, आणि रेकॉर्डरवर होता तोच बिट आणि सॅम्पल दर निवडा. नुसता कर्कश खरखराट आला तर गाणं गेलं असं समजू नका. वाचन बहुधा चुकीच्या बाइटपासून सुरू झालंय. १६ बिटला सुरुवात एका बाइटने पुढे ढकला. २४ बिट स्टिरिओत एक फ्रेम (दोन्ही चॅनलचं मिळून एक सॅम्पल) ६ बाइटची, म्हणून ० ते ५ सगळं करून बघा. आवाज स्वच्छ पण डावं-उजवं उलटं आलं तर तीन बाइटचा फरक आहे. सूर चढा किंवा उतरलेला वाटला तर सॅम्पल दर चुकलाय.

फोनवरच्या एम४एची (दाबून लहान केलेल्या ऑडिओ फाइलची) गोष्ट वेगळी. तिची अनुक्रमणिका शेवटी लिहिली जाते, ती नसेल तर रॉ आयातीचा उपयोग नाही. त्याच फोनवर, त्याच सेटिंगने केलेली एक धडधाकट फाइल नमुना म्हणून देऊन अनट्रंक हा दुरुस्तीचा प्रोग्राम चालवा.

आता साफसफाई, आणि खरं नुकसान इथेच होतं. सततचा आवाज म्हणजे गोंगाट, असं ऑडॅसिटीतलं नॉइज रिडक्शन (गोंगाट कमी करणारं साधन) धरून चालतं. आपल्या मैफलीत सतत वाजतो तो तंबोरा! नमुना घ्यायचा तर तंबोरे जुळवायला लागण्याआधीचे दोन-तीन सेकंद घ्या. ते नसतील तर हे हत्यार म्यानच बरं. विजेची घरघर ५० हर्ट्झ आणि तिच्या पटींत असते. गायक पांढरी एकमध्ये (म्हणजे सी हा षड्ज धरून) गात असेल तर तंबोऱ्याची पंचमाची तार ९८ हर्ट्झच्या आसपास, म्हणजे १०० हर्ट्झच्या अगदी शेजारी. तिथे रुंद नॉच (ठरावीक पट्टी कापणारा फिल्टर) लावला की पंचमाचा मूळ सूरच जातो. क्यू (नॉच किती अरुंद, तो आकडा) निदान ३० ठेवा आणि जवारी (तंबोऱ्याच्या तारांची झणझण) ऐकत राहा. डीक्लिकर (क्लिक, म्हणजे टकटक, काढणारं साधन) तबल्याच्या ‘ना’ या बोलाची किनार खातो, तो सगळ्या फाइलवर न लावता एकेका क्लिकवर लावा.

फाटलेल्या आवाजाला ऑडॅसिटीतलं क्लिप फिक्स. पण आवाज मिक्सरमध्येच फाटून रेकॉर्डरवर कमी पातळीला आला असेल, तर लाटेचे माथे कमाल पातळीच्या बरेच खाली सपाट दिसतात. तिथे उंबरठा (कोणत्या पातळीपासून आवाज फाटला धरायचा, तो आकडा) त्या सपाटीच्या जरा खाली येईल असा ठेवा.

मधल्या भगदाडांचं काय? १२८ सॅम्पलपर्यंत, म्हणजे साधारण ३ मिलिसेकंद, ऑडॅसिटीतलं ‘रिपेअर’ सांधतं. त्याहून मोठ्या जागी श्रोत्यांपैकी कुणाचं फोनवरचं रेकॉर्डिंग मिळवा. दोन यंत्रांची घड्याळं कधीच तंतोतंत चालत नाहीत: दहा लाखांत २० भागांचा फरकही तासाला ७२ मिलिसेकंद होतो, आणि तेवढ्यात तबला दुहेरी ऐकू येतो. सुरुवातीची एक सम (तालाची पहिली मात्रा) आणि शेवटची एक सम जुळवा, मग फोनच्या फाइलचा वेग त्या प्रमाणात बदला. दुसरं रेकॉर्डिंग नसेल आणि खंड नुसत्या तंबोऱ्यावर पडला असेल, तर तिथलाच आधीचा तुकडा ५० मिलिसेकंदांच्या क्रॉसफेडने (एक आवाज विरत दुसरा चढवून) बसवा. तानेत किंवा आवर्तनाच्या मध्ये पडलेला खंड मात्र दुसरीकडची तान चिकटवून बुजवू नका. दोन्ही कडा हलक्या फेड करा आणि फाइलसोबतच्या टिपणात ती वेळ लिहून ठेवा.