जुनी जेन्सन बघायला जाताना

इंग्लंडात कोणी जेन्सन कंपनीची जुनी इंटरसेप्टर मोटार विकतंय आणि तुम्ही बघायला जाणार असाल तर आवाज ऐकून लगेच भाळू नका, इंजिन अमेरिकन क्रायस्लर कंपनीचं व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं आहे, दणकट असतं, खरा खर्च पत्र्यात. गुडघ्यावर बसा आणि दाराखालच्या पट्टीवर लोहचुंबक फिरवा, जिथे चिकटत नाही तिथे गंज झाकायला पुट्टी भरलीय असं समजायचं. मागच्या मोठ्या काचेची कडा पण चाचपा.

मग पुढच्या चाकाच्या मागे मडगार्डवरच्या हवेच्या फटी मोजा. एक असेल तर साधी इंटरसेप्टर, दोन असतील तर एफएफ, म्हणजे तिचाच फोर व्हील ड्राइव्हवाला प्रकार, आणि ती असेल तर नीट थांबून बघा! 1966 मध्येच तिला चारही चाकांना ताकद देणारा फोर व्हील ड्राइव्ह आणि चाकं जाम होऊ न देणारे अँटीलॉक ब्रेक होते, पण स्टिअरिंग फक्त उजवीकडे त्यामुळे अमेरिकेत विकता आली नाही, बनल्या जेमतेम 320. माझ्या मनाला तर हेच सगळ्यात जास्त लागतं.

याच कंपनीची जेन्सन-हीली ही स्पोर्ट्स कार बघत असाल तर उलटं, तिथे इंजिन आधी. 1972 मध्ये लोटसचं नवंकोरं इंजिन घाईत बसवलं, सुरुवातीला तक्रारी खूप आल्या, म्हणून ऑइल गळतंय का आणि टायमिंग बेल्ट (इंजिनातला पट्टा) कधी बदलला ते कागदावर बघा. त्यात 1973 चं तेलसंकट आलं, पेट्रोल पिणारी इंटरसेप्टर कोण घेणार, आणि ॲलन-रिचर्ड जेन्सन या भावांनी उभी केलेली, इंग्लंडातल्या वेस्ट ब्रॉमविचची ही कंपनी 1976 मध्ये बंद पडली.