गुलाबी बोंडअळीचा कामगंध सापळा: लावायचा कसा, मोजायचा कसा

कामगंध सापळ्यातली ल्युर म्हणजे कपाशीवरच्या या किडीच्या नरांना ओढण्यासाठी रबराच्या छोट्या बुचात मुरवलेला मादी पतंगाचा वास. गुलाबी बोंडअळीचा हा वास (गॉसिप्ल्युर) 1973 साली ओळखला गेला. त्यात एकाच रेणूची दोन रूपं जवळजवळ समसमान असतात. नराच्या मिशांवर बारीक केसांसारखी घ्राणेंद्रियं असतात. त्यांतल्या प्रत्येक चेतापेशीत साधारणपणे एकच गंधग्राही (वास टिपणारं प्रथिन) बनवणारा जनुक चालू असतो, जोडीला ओरको नावाचं सगळ्यांना सामाईक प्रथिन. त्यामुळे मिश्रणाचं प्रमाण बिघडलं की नर फिरकत नाही.

नकोसा वास ओळखणारे ग्राहीही असतात. हिरव्या बोंडअळीत (हेलिकोव्हर्पा) ओआर16 हा ग्राही कोवळ्या, अंडी न पिकलेल्या मादीचा वास टिपतो आणि नर मागे फिरतो. 2017 मध्ये चिनी संशोधकांनी क्रिस्पर या जनुक कापण्याच्या तंत्राने त्याचा जनुक निकामी केला, तर नर अशा माद्यांशीही जुळू लागले. म्हणून एका सापळ्यात दोन किडींच्या ल्युर टांगून पैसे वाचवू नका. हिरवीची ल्युर हाताळलेल्या हातांनी गुलाबीचीही लावू नका, हातमोजा बदला. तंबाखूचे किंवा फवारणीच्या औषधाचे हात तर नकोच.

पेरणीनंतर 45 दिवसांनी हेक्टरी 5 सापळे लावा. नरसाळं पिकाच्या शेंड्यापेक्षा फूटभर वर असावं. कपाशी वाढेल तशी काठी वर घ्या, हे हमखास राहून जातं आणि ऑगस्टमध्ये सापळा पानांत बुडतो. खालची पिशवी घट्ट बांधा, तिला भोक असेल तर पतंग निसटतात आणि आकडा खोटा कमी दिसतो. ल्युर पाकिटावरच्या मुदतीप्रमाणे, साधारण 3 ते 4 आठवड्यांनी बदला. जुनी शेतात फेकू नका, ती सापळ्याशी स्पर्धा करते. शिल्लक पाकिटं बंद ठेवून फ्रीजमध्ये ठेवा. पत्र्याच्या खोलीत ठेवलेली ल्युर लावण्याआधीच उडालेली असते.

रोज सकाळी मोजा आणि पिशवी रिकामी करा. गुलाबीचा पतंग राखाडी-तपकिरी, सेंटिमीटरभर लांब, मागच्या पंखांना झालर. त्याहून बराच मोठा दिसला तर हिरवीचा समजा, मोजू नका. सलग 3 रात्री दर रात्री सापळ्यामागे 8 पतंग, म्हणजे पाचांत मिळून 40, झाले की आर्थिक नुकसानीची पातळी गाठली. तरी पंप उचलण्याआधी शेतभर फिरून 20 हिरवी बोंडं फोडा. दोन बोंडांत जिवंत अळी सापडली तर उपाय सुरू करा. अळी बोंडात शिरली की वरची फवारणी तिच्यापर्यंत पोचत नाही, त्यामुळे उशीर महागात पडतो. डोमकळ्या (अळी लागल्याने न उमललेली फुलं) दिसल्या की तोडून नष्ट करा.

सापळ्यात फक्त नर येतात. एक नर अनेक माद्यांना पुरतो, म्हणून मोजणीच्या 5 सापळ्यांनी कीड आटोक्यात येईल, ही आशा सोडा. मिलनात अडथळा आणणारे गॉसिप्ल्युरचे दोर शेतात बांधले असतील तर आणखी एक खबरदारी घ्या. तिथे सगळी हवाच मादीच्या वासाने भरते, नराला माग लागत नाही, सापळाही रिकामा राहतो. अशा शेतात पतंगांच्या आकड्यावर विसंबू नका, बोंडं फोडूनच ठरवा.