पॉवर इलेक्ट्रॉनिक्स आणि ड्राइव्हजमध्ये मास्टर्स करताय? या चुका टाळा

मास्टर्सला येणारी मुलं हुशार असतात, बहुतेकांचं गणितही पक्कं असतं. तरी दर बॅचला त्याच प्रकारे बोर्ड जळतात, तेच प्रोब जातात आणि शेवटच्या सेमिस्टरला तीच धावपळ होते. या डिग्रीत वेळ अवघड थिअरीत जात नाही, पॉवर देण्याआधीची पाच मिनिटांची तपासणी टाळल्यामुळे जातो, असं माझं ठाम मत आहे.

स्कोपची क्लिप दिसेल तिथे लावणं

साध्या टेबलटॉप स्कोपच्या (ऑसिलोस्कोप, म्हणजे व्होल्टेजचा आलेख दाखवणारं यंत्र) प्रोबची, म्हणजे मोजायच्या वायरची, क्रोकोडाइल क्लिप आतून थेट अर्थला जोडलेली असते आणि सगळ्या चॅनेलच्या क्लिपाही आतून एकच असतात. हे सगळ्यांना माहीत असतं, व्हायवाला विचारलं तर पटकन सांगतात, पण बेंचवर बसल्यावर विसरतात.

आमच्या लॅबमध्ये एक ज्युनियर तीन फेजचा इन्व्हर्टर, म्हणजे डीसीचं एसी करणारं सर्किट, बनवत होता. मेन्स थेट ब्रिज रेक्टिफायरला (एसीचं डीसी करणारे डायोड) दिलेला, मध्ये सर्किट मेन्सपासून वेगळं करणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर नाही, कारण तो दुसऱ्या बेंचवर होता आणि उचलून आणायला जड होता. त्याला खालच्या आयजीबीटीचा (इन्व्हर्टरमधला इलेक्ट्रॉनिक स्विच) गेट सिग्नल बघायचा होता म्हणून त्याने क्लिप डीसी बसच्या, म्हणजे रेक्टिफायरमधून निघालेल्या डीसी लाइनच्या, मायनसला लावली, मायनस म्हणजे ग्राउंडच ना असं धरून. पण मेन्स रेक्टिफाय केल्यावर बसचा मायनस अर्थच्या पातळीवर नसतोच, एका अर्ध्या सायकलमध्ये तो डायोडमधून चक्क लाइनला जोडलेला असतो. क्लिप टेकली आणि लाइन, डायोड, क्लिप, स्कोप, अर्थ असा सरळ शॉर्ट झाला. मोठा आवाज, क्लिपचं टोक वितळलं, ब्रिज गेला, स्कोपचा चॅनेल गेला, सगळ्या लॅबचा ब्रेकर पडला. हाताला काही झालं नाही हे नशीब.

याहून वाईट पुढे झालं. कुणीतरी त्याला सांगितलं की स्कोपच्या प्लगची अर्थ पिनच काढून टाक, मग शॉर्ट होणार नाही. हा 'जुगाड' कुठल्याही सिनियरने सांगितला तरी ऐकू नका. स्कोप तरंगता ठेवला की क्लिप जिथे लावाल तिथलं व्होल्टेज स्कोपच्या बीएनसीवर (प्रोब जोडायच्या सॉकेटवर) आणि सगळ्या धातूच्या भागांवर येतं, आणि ते बटण फिरवणारा माणूस तुम्हीच असता.

बरोबर उपाय म्हणजे डिफरन्शियल प्रोब, दोन बिंदूंमधला फरक मोजणारा. तो नसेल तर दोन प्रोब दोन टोकांना लावा, क्लिपा मोकळ्या ठेवा आणि स्कोपच्या मॅथमध्ये वजाबाकी करा. अचूकता कमी मिळेल पण प्रोबच्या रेटिंगमध्ये राहिलात तर काही जळणार नाही. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर वापरला तर तो सर्किटच्या बाजूला, स्कोपच्या नाही, आणि तेव्हाही क्लिप एकाच बिंदूला. माझी सवय अशी की क्लिप लावण्याआधी तो बिंदू आणि अर्थ यांच्यात मल्टिमीटर धरायचा, एसी आणि डीसी दोन्ही रेंजवर, आणि दोन-चार व्होल्टच्या वर काही दिसलं तर क्लिप तिथे लागणार नाही, विषय संपला.

सिम्युलेशनमध्ये चाललं म्हणजे झालं

सिम्युलेशनमधला स्विच आदर्श, सेन्सरला नॉइज नाही, कंट्रोलरला गणित करायला वेळच लागत नाही. त्यावर पीआय कंट्रोलर ट्यून करायचा आणि तेच गेन प्रोसेसरमध्ये टाकायचे, मग मोटर किंचाळते आणि दोष मोटरला.

एकदा आकडे घालून बघाच. १० किलोहर्ट्झ सॅम्पलिंग म्हणजे १०० मायक्रोसेकंदाचा पिरियड. गणिताचा एक आणि पीडब्ल्यूएमचा (स्विच चालू-बंद करणाऱ्या पल्सचा) अर्धा धरला तर साधारण दीड पिरियड उशीर होतो, म्हणजे १५० मायक्रोसेकंद. करंट लूपची (मोटरचा करंट सांभाळणाऱ्या कंट्रोलची) बँडविड्थ १ किलोहर्ट्झ ठेवलीत तर तिथे एवढ्या उशिराने ५४ अंश फेज जाते. कागदावर ६० अंशांचं फेज मार्जिन, म्हणजे लूप डळमळण्याआधीची शिल्लक, होतं, त्यातलं हातात ६ उरलं! मग लूप डुलणार नाही तर काय होणार? मी मॉडेलमध्ये पहिल्याच दिवशी हा उशीर टाकतो, करंट लूप आधी हळू ठेवतो आणि स्पीड लूप त्याच्याही साधारण दहापट हळू.

डेड टाइमचंही (वरचा-खालचा स्विच दोन्ही बंद ठेवायचा क्षण) तेच. १ मायक्रोसेकंदाचा डेड टाइम ठेवायचा आणि सिम्युलेशनची स्टेप ५ मायक्रोसेकंद, मग त्याचा परिणाम दिसणार कसा? कमी स्पीडला फेज करंट शून्यापाशी चपटा होतो तो बऱ्याचदा यामुळेच.

बाकीच्या चुका थोडक्यात, पण हलक्या समजू नका.

पार्क-क्लार्क ट्रान्सफॉर्म (तीन फेजच्या राशी दोन अक्षांत मांडणारं गणित) एका पेपरमधून आणि टॉर्कचं सूत्र दुसऱ्यातून उचलू नका. २/३ वालं रूप घेतलं तर टॉर्कमध्ये ३/२ येतो, पॉवर इन्व्हेरियंट रूपात येत नाही, आणि मिसळलंत की टॉर्क दीडपट चुकतो.

एन्कोडरचा (मोटरच्या शाफ्टचा कोन मोजणारा सेन्सर) कोन पोल पेअरने, म्हणजे मोटरच्या चुंबकीय ध्रुवांच्या जोड्यांच्या संख्येने, गुणायला विसरू नका. हे विसरणारे इतके भेटलेत की आता मोटर थरथरली की मी आधी हेच विचारतो.

सप्लाय बंद केला म्हणजे बस रिकामी झाली नाही. बसवरचा १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ४०० व्होल्टला ८० ज्यूल धरून बसतो, आणि १०० किलोओहमच्या ब्लीडरने (तो रिकामा करणाऱ्या रेझिस्टरने) ५० व्होल्टपर्यंत उतरायला साडेतीन मिनिटांच्या आसपास लागतात. हात घालण्याआधी मोजा, दर वेळी.

फॅशन म्हणून सिलिकॉन कार्बाइडचे स्विच घेऊ नका. आयजीबीटीचा गेट ड्रायव्हर तसाच लावून चालत नाही, गेट व्होल्टेज वेगळं लागतं, शॉर्ट सर्किट सहन करायचा वेळही बराच कमी असतो, त्यामुळे प्रोटेक्शन जास्त वेगवान हवं.

पहिली पॉवर नेहमी करंट लिमिट लावलेल्या बेंच सप्लायवरून, ३० व्होल्टला, रेझिस्टरच्या लोडवर. ज्याला पहिल्याच दिवशी पूर्ण बस व्होल्टेजवर मोटर फिरवायची घाई असते तो पुढचे कित्येक आठवडे नवीन बोर्डची वाट बघत बसतो.

आणि वेव्हफॉर्मचे मोबाइलने फोटो काढणं बंद करा. स्कोपमधून सीएसव्ही (आकड्यांची फाइल) सेव्ह करा, फाइलच्या नावात बस व्होल्टेज, लोड, स्विचिंग फ्रीक्वेन्सी आणि तारीख घाला, प्रोब १० एक्सवर (सिग्नल दहापट कमी करून) होता की १ एक्सवर तेही वहीत लिहा, कारण थिसिस लिहायला बसाल तेव्हा तो सेटअप मोडून दुसऱ्या कुणाचा तरी बेंचवर आलेला असेल.